अपॉस्ट्रॉफी कुठे द्यायची, कुठे नाही?

काल एका अल्बमवर इंग्रजीत ‘फोटोज’ छापलेलं दिसलं, ‘एस’आधी अपॉस्ट्रॉफी देऊन. मी इंग्रजी शिकवते, म्हणून ही पोस्ट.

१) अनेकवचनाला अपॉस्ट्रॉफी नको. फोटोज, टॅक्सीज: नुसता ‘एस’.

२) ‘इट्स’च्या जागी ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ वाचून पाहा. जुळलं तर अपॉस्ट्रॉफी द्या. ‘त्याचं’ असा अर्थ असेल तर नको. ‘हर्स’, ‘युअर्स’लाही ती नसते.

३) एका मुलाची वही? ‘बॉय’नंतर अपॉस्ट्रॉफी, मग ‘एस’. अनेक मुलांची? आधी ‘एस’, मग अपॉस्ट्रॉफी.

विशेषनामं मात्र जशी रूढ आहेत तशीच लिहा. लंडनच्या ‘अर्ल्स कोर्ट’ स्टेशनच्या नावात अपॉस्ट्रॉफी आहे. पिकॅडिली लाइनवरच्या पुढच्याच ‘बॅरन्स कोर्ट’मध्ये नाही!

तुमचं कुठलं वाक्य अडतंय? जरूर विचारा.