रिकॉलचा मेसेज आला की

नंदिगड्डेहून हुबळीचं शोरूम गाठायचं म्हणजे सगळा दिवस मोडतो. तरी रिकॉलचा मेसेज आला की मी इलेक्ट्रिक गाडी घेऊन जातोच. २०२४ मध्ये ह्युंदाईने भारतात १,७४४ आयोनिक ५ आणि कियाने १,१३८ ईव्ही६ परत बोलावल्या. कारण, छोट्या १२ व्होल्ट बॅटरीला चार्ज पुरवणाऱ्या भागातला संभाव्य दोष. ही बॅटरी उतरली, तर मोठी भरलेली असूनही गाडी ठप्प! आमच्या जंगलातल्या रस्त्यावर, मोबाईलला रेंज नसताना, ते कसं परवडेल? शोरूममध्ये मेकॅनिक स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लॅपटॉप जोडून सॉफ्टवेअर अपडेट करतो. अपडेट चालू असताना छोट्या बॅटरीला बाहेरून चार्जर लावलाय ना, हे मी जातीने बघतो. रिकॉलच्या कामाचे पैसे पडत नाहीत. जॉबकार्डावर नव्या सॉफ्टवेअरचा नंबर लिहून घेतल्याशिवाय मात्र किल्ली घेऊ नका.