तार, स्विच आणि राउटर

संगणकांचे जाळे म्हटले की सामान्य माणसाच्या मनापुढे काहीतरी अदृश्य, आकाशस्थ असे चित्र उभे राहते. वस्तुतः हे जाळे तारांचे, काचेच्या तंतूंचे आणि चार-दोन लहान पेट्यांचे बनलेले असते. शाळेत, दवाखान्यात, पंचायतीच्या कचेरीत या पेट्या भिंतीवर टांगलेल्या दिसतात. त्यांतील दिवे विझले म्हणजे कामकाज थांबते आणि जाणत्या कारागिराची वाट पाहण्यापलीकडे कोणाला काही सुचत नाही. यांपैकी कोणत्या वस्तूला काय ठाऊक असते, एवढे जरी नवशिक्याने ध्यानात घेतले, तरी ही असहायता पुष्कळशी दूर होते.

तारेला काहीच ठाऊक नसते. तिने केवळ वाहून न्यावयाचे. लॅन केबलचे आवरण सोलले तर आत आठ तारा आढळतात. त्यांच्या चार जोड्या असून प्रत्येक जोडीला पीळ घातलेला असतो. हा पीळ शोभेसाठी नव्हे. शेजारून जाणाऱ्या विजेच्या तारांचा उपद्रव पिळलेल्या दोन्ही तारांना जवळजवळ सारखाच होतो. पलीकडचे यंत्र दोहोंतील फरक तेवढा वाचते. त्यामुळे जे सारखे आहे ते आपोआप वजा होते. तरीही अशी केबल १०० मीटरपलीकडे सलग नेऊ नये, असा नियम आहे.

१९७३ साली अमेरिकेतील पालो आल्टो येथील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी ईथरनेट या पद्धतीची कल्पना मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्यासह ती प्रत्यक्षात आणली. तीत सर्व संगणक एकाच तारेला जोडलेले असत. एकाने बोलावे, सर्वांनी ऐकावे. दोघे एकदम बोलले तर दोघांनीही थांबून थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करावा. पुढे आलेल्या हब नावाच्या पेटीनेही हाच स्वभाव राखला. एका दारातून आलेला संदेश ती सर्व दारांतून पाठवी. साहजिकच गर्दी होई, आणि एकाचे पत्र शेजाऱ्यालाही वाचता येई.

स्विच हा उणेपणा दूर करतो. प्रत्येक यंत्राच्या जोडणीला ४८ बिटांचा एक क्रमांक असतो. संदेश येताच स्विच पाठविणाऱ्याचा क्रमांक वाचतो आणि तो कोणत्या दाराने आला याची नोंद ठेवतो. ज्याला संदेश द्यावयाचा तो अनोळखी असेल, तर तो इतर सर्व दारांवर पाठविला जातो. उत्तर आले की तेही दार कळते. वाड्यातला जुना पोस्टमन जसा बिऱ्हाडे ओळखू लागतो, तसाच हा प्रकार होय.

परंतु वाड्याबाहेरचे जग पोस्टमनला माहीत नसते. ते काम राउटरचे. संदेशावरील आयपी पत्ता पाहून तो आपल्या जाळ्यातला की परक्या जाळ्यातला हे राउटर ठरवितो आणि परका असल्यास पुढच्या राउटरच्या हाती सोपवितो. संपूर्ण मार्ग कोणा एकाला ठाऊक असावा लागत नाही. पुढचा टप्पा कळला म्हणजे पुरते. घरोघरी दिसणाऱ्या एकाच पेटीत राउटर, स्विच आणि वायफाय एकत्र नांदतात. पुष्कळदा काचेच्या तंतूतून आलेल्या प्रकाशाचे विजेच्या संकेतांत रूपांतर करणारे यंत्रही तीतच असते. नवशिक्याचा गोंधळ उडतो तो येथेच.

हा भेद कळला की दोष शोधणेही सोपे होते. एकच संगणक बंद पडला असेल, तर प्रथम त्याची केबल बदलून पाहावी. सर्वच एकमेकांना दिसेनासे झाले, तर स्विच आणि त्याचा वीजपुरवठा तपासावा. शेजारच्या खोलीतील छपाईयंत्र चालते, पण बाहेरचे जग दिसत नाही, अशी स्थिती असेल, तर केबल व स्विच यांना बोल लावू नये. शोध राउटरपासून पुढे घ्यावा. मग कारागिराला बोलवावे लागलेच, तर ‘इंटरनेट बंद आहे’ एवढ्यावर न थांबता दोष कोठे आहे हेही सांगता येते.