दालचिनी आणि मध : फायदा किती, धोका कुठे, घ्यायचं कसं



थंडी-खोकल्याचे दिवस आले की एक जुना मेसेज पुन्हा फिरायला लागतो : "मध आणि दालचिनी रोज घ्या, हृदयरोग, संधिवात, कॅन्सर, कोलेस्टेरॉल सगळं बरं होतं." खाली लिहिलेलं असतं की ही माहिती 'वीकली वर्ल्ड न्यूज' या कॅनडातल्या मासिकात 17 जानेवारी 1995 ला आली. खरं म्हणजे ते मासिक कॅनडाचं नाहीच. ते अमेरिकेतलं, अर्धा माणूस-अर्धं वटवाघूळ सापडल्याच्या बातम्या छापणारं करमणुकीचं पत्र होतं. त्याच्या भरवशावर कोणी बीपी-शुगरची गोळी बंद करू नये, म्हणून हा मेसेज नीट वाचा.

*खरा फायदा कशात आहे?*

▪️ *खोकला :* साध्या सर्दी-खोकल्यात रात्री झोपताना चमचाभर मध घेतला तर घसा मऊ पडतो, ढास थोडी कमी होते. एक वर्षाच्या पुढच्या मुलांनाही हे चालतं.

▪️ *शुगर :* दालचिनीने शुगर उतरते असं काही छोट्या अभ्यासांत दिसलं होतं. पण 2012 साली कॉक्रेन या संस्थेने 10 चाचण्या आणि 577 रुग्णांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा तसं म्हणण्याइतका पुरावा मिळाला नाही. उलट मधात शंभरात सुमारे 80 भाग साखरच असते. पोहे खायच्या मोठ्या चमच्यात जवळजवळ 17 ग्रॅम साखर जाते. म्हणजे शुगरवाल्याने "औषध" म्हणून रोज दोन चमचे मध घेतला, तर शुगर वाढण्याचीच शक्यता जास्त.

*दालचिनी दोन प्रकारची असते*

बाजारात दालचिनी म्हणून जी जाड, कडक, काळपट-लाल साल मिळते, ती बहुतेक वेळा कॅसिया (तज) असते. खरी दालचिनी म्हणजे श्रीलंकेची जात. तिच्या पातळ पापुद्र्यांची सुरळी असते, रंग फिका आणि हाताने चुरते. पावडर झाली की फरक ओळखता येत नाही.

फरक महत्त्वाचा का? कॅसियात कुमारिन नावाचा घटक जास्त असतो. तो रोज जास्त पोटात गेला तर काही जणांच्या लिव्हरला सूज येते. युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेने ठरवलेल्या मर्यादेवरून हिशोब असा येतो :

▪️ 60 किलो वजनाचा माणूस : दिवसाला साधारण 2 ग्रॅम कॅसिया पावडर
▪️ 45 किलो वजनाची बाई : दीड ग्रॅम
▪️ 15 किलोचं मूल : अर्धा ग्रॅम, म्हणजे चिमूटभर

चहाचा सपाट चमचा भरला की अडीच ग्रॅमच्या आसपास पावडर होते. त्या फॉरवर्डमध्ये कोलेस्टेरॉलसाठी तीन चमचे सांगितलेत. म्हणजे मर्यादेच्या साडेतीन पटीच्या वर! एखाद्या दिवशी जास्त झालं म्हणून घाबरू नका, पण महिनोन्महिने रोज घेणं नको. भाजी, मसाला, चहातली दालचिनी बिनधास्त चालू द्या.

*यांनी विशेष काळजी घ्या*

1️⃣ *एक वर्षाच्या आतलं बाळ : मधाचं बोटसुद्धा नाही.* बाळ जन्मलं की सोन्याची अंगठी मधात बुडवून चाटवायची, गुटीत मध घालायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. पण मधात बॉट्युलिझमच्या जंतूंची बीजं असू शकतात. मध घरचा असो, जंगलातला असो की बाटलीतला, आणि उकळला तरी ही बीजं मरत नाहीत. मोठ्यांना त्याने काही होत नाही, बाळाच्या आतड्यात मात्र ती वाढून विष तयार करतात. बाळाला शी होईना, दूध ओढेना, रडणं बारीक झालं, मान टाकली, पापण्या जड झाल्या, तर वाट न बघता 108 ला फोन करा आणि मध दिला असेल तर डॉक्टरांना सांगा. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध.

2️⃣ *टीबीच्या गोळ्या चालू असलेले, कावीळ झालेले, रोज दारू घेणारे :* यांच्या लिव्हरवर आधीच ताण असतो. दालचिनीची पावडर औषध म्हणून घेऊ नका.

3️⃣ *शुगरची किंवा रक्त पातळ करायची गोळी घेणारे, गरोदर बाया :* आधी डॉक्टरांना विचारा. गोळी स्वतःहून बंद करायची नाही.

4️⃣ *दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला :* घरातलं कोणी बोईसर-तारापूरला कारखान्यात धुळीत, केमिकलच्या वासात काम करत असेल, तर "कंपनीचा खोकला आहे" म्हणून मधावर दिवस काढू नका. सरकारी दवाखान्यात बेडक्याची तपासणी मोफत होते.

*मध घेताना*

2020 साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने 13 ब्रँडचे मध तपासून घेतले. नव्या पद्धतीच्या एनएमआर तपासणीत 10 नापास झाले. पाण्यात थेंब टाकून किंवा काडी पेटवून भेसळ कळत नाही. मध खाली साखरेसारखा बसला म्हणजे तो खोटा, हाही गैरसमज आहे. ओळखीच्या मधपाळाकडून घेतलेला बरा.

*आपल्या वाडीसाठी*

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण तेज' ही दालचिनीची जात दिली आहे. ती खऱ्या दालचिनीची जात आहे आणि नारळाच्या बागेत आंतरपीक म्हणून येते. घरापुरती दोन-चार झाडं लावली तरी कोणती साल खातोय ते आपल्याला माहीत राहील. रोपं आणि लागवडीसाठी कोसबाड हिलच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा.

*थोडक्यात :* दालचिनी-मध हे खाणं आहे, गोळीच्या जागी घ्यायचं औषध नाही. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही.

घरातल्या आजीला, बाळंतिणीला आणि पाड्यावरच्या दाईला हा मेसेज वाचून दाखवा. फोन त्यांच्या हातात नसतो, पण बाळ त्यांच्याच हातात असतं. 🙏