"सर, मारा पण शिकवा" म्हणण्याआधी

नांदेड-लातूरच्या वस्त्यांत आजही आपण शिक्षकांना सांगतो, "सर, मारा पण शिकवा." बाबासाहेबांची लेकरं म्हणून आपण शिक्षकांचा मान राखतोच, पण मान म्हणजे मारायचा परवाना नव्हे.

कानशिलात बसलेल्या चापटीने कानाचा पडदा फाटू शकतो. अति उठाबशांनी स्नायू तुटतात, मूत्रपिंडावर ताण येतो. नोव्हेंबर 2025 मध्ये वसईत उशिरा आल्याबद्दल उठाबशांची शिक्षा झालेली सहावीतली मुलगी काही दिवसांत दगावली.

शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 नुसार शाळेत मारहाण आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. जातीवरून टोमणे हाही छळच. खासगी क्लासमध्ये मारहाण झाली, तर बाल न्याय कायद्याचं कलम 75 आहे. 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

कानातून रक्त-पाणी आलं, ऐकू कमी आलं किंवा लघवी चहासारखी गडद झाली, तर लगेच सरकारी दवाखाना गाठा. मार कशाने लागला ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा, केसपेपर जपून ठेवा. मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्या. 1098 वर फोन मोफत लागतो.

लेकरू रडत घरी आलं, तर "तू काय केलंस?" नंतर विचारू. आधी विचारू, "कुठं दुखतंय?"