काळ्या मखमलीवरचा कापूस

दादरहून फाइव्ह गार्डन ओलांडून माटुंग्यात शिरलं, की अडेनवाला रस्त्यावर एक सरकारी आवार लागतं. आजूबाजूला पारशी कॉलनी, कॉलेजं, उडप्यांची हॉटेलं. कापसाचं बोंड औषधालाही सापडणार नाही. पण अकोला, परभणी, राहुरीच्या कृषी विद्यापीठांत कापसाचं नवं वाण तयार झालं, की त्याच्या रुईची परीक्षा घेणारी यंत्रणा इथली. नाव लांबलचक : केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था. म्हणायला ‘सिरकॉट’.

१९२४ साली ही प्रयोगशाळा उघडली, तेव्हा प्रश्न रोखठोक होता. शेतकी खातं म्हणणार, आमचं वाण एकरी जास्त पिकतं. गिरणीवाले म्हणणार, पिकत असेल, पण त्रासन खात्यात, म्हणजे कताईत, सूत तुटतं त्याचं काय? निवाड्यासाठी इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीने प्रयोगशाळेतच छोटेखानी सूतकताई बसवली. वाण काढणाऱ्याकडे सुरुवातीला मोजकीच झाडं असतात, गाठी कुठून आणणार? तेव्हा थोडक्या रुईचंच सूत काढून जोखायचं. परळ-लालबागच्या गिरण्या हाकेच्या अंतरावर, त्यामुळे जागाही बरोबर निवडलेली. पहिले संचालक टर्नर. पुढे आलेले डॉ. नझीर अहमद केंब्रिजला रदरफर्डच्या हाताखाली शिकलेले. फाळणीनंतर ते पाकिस्तानच्या अणुऊर्जा आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले. अणू, मग कापूस, मग पुन्हा अणू.

या सगळ्या कामात मला देखणी वाटते ती तंतूंची लांबी जोखण्याची बेअर सॉर्टरची जुनी रीत. चिमूटभर रुई फण्यांच्या रांगेत बसवायची. चिमट्याने टोकाकडून तंतू ओढायचे, लांब आधी, आखूड मागून, आणि काळ्या मखमलीच्या गादीवर एकाशेजारी एक उभे लावत जायचे. डावीकडे उंच आणि उजवीकडे उतरत गेलेला पांढरा डोंगर तयार होतो. उतार सावकाश असेल तर कापूस एकसारखा. एकदम कोसळला, तर आखूड तंतूंचा भरणा. मध्येच शिंक आली तर सगळं पहिल्यापासून. आता यंत्र हे चुटकीसरशी करतं, वर ताकद, रंग आणि मायक्रोनेअरही सांगतं. मायक्रोनेअर म्हणजे ठरावीक वजनाच्या बोळ्यातून हवा सोडायची : सहज गेली तर तंतू जाडे, अडली तर बारीक, नाहीतर कच्चे.

यात मुंबईची हवा खोडा घालते. रुई दमट हवेतलं पाणी पिते, आणि वजनाबरोबर तिची ताकदही बदलते. म्हणून चाचणीच्या खोलीत बारा महिने २७ अंश सेल्सिअस आणि ६५ टक्के आर्द्रता राखावी लागते. भर जुलैत, माटुंग्यात!

‘चाळीस नंबरचं सूत’ हे गिरणगावात पोरासोरांनाही ठाऊक होतं. ८४० यार्डांच्या ४० लडी मिळून एक पौंड, असा तो हिशोब. पौंडभर कापसाचं सूत तीस किलोमीटरहून लांब. एक टोक बोरीबंदरला बांधलं तर दुसरं मुलुंडच्या आसपास जावं. एवढं लांब जायचं तर तंतू मुळात लांब आणि बळकट हवा. अशा कापसाचा सिंध-पंजाबातला मोठा मुलूख फाळणीत गेला, गिरण्या इथे राहिल्या. ती उणीव भरून काढायला वाणांवर जोर आला. १९७० मध्ये सुरतेहून सी. टी. पटेलांचा ‘हायब्रिड-४’ आला, पुढे नांदेडचं ‘एनएचएच-४४’ मराठवाड्यात शेतोशेती गेलं. दरम्यान १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. ज्यांच्यासाठी ही प्रयोगशाळा काढली, त्या गिरण्या एकेक करत गेल्या, प्रयोगशाळा राहिली.

कामही रुईपुरतं राहिलेलं नाही. वेचणी संपल्यावर शेतात उभी राहते ती पऱ्हाटी. चुलीत घातली तर घातली, नाहीतर बांधावर जाळली. तशीच ठेवली तर गुलाबी बोंडअळीला तिच्यावर आसरा. माटुंग्यात या काड्यांचा भुसा दाबून फर्निचरच्या फळ्या करण्याचं तंत्र बसवलं, कांडी-कोळशाचंही. पण रानभर विखुरलेली पऱ्हाटी गोळा करून कारखान्यापर्यंत आणायची कुणी आणि कशाच्या जोरावर, हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटणारा नाही.

तीच गत धाग्याची. हमीभाव जाहीर होतो तो मध्यम आणि लांब धाग्याला वेगवेगळा, मायक्रोनेअरच्या आकड्यासकट. बाजार समितीच्या आवारात मात्र व्यापारी गाडीजवळ येतो, ढिगातून एक बोंड उचलतो, सरकीवरून रुई सोडवून दोन चिमटींत ओढतो, तुटताना कानाशी धरतो आणि भाव सांगतो.