गिरमिट : कादंबरींतील आणि खरें

हद्दपारी आणि दास्य यांवर रचलेल्या इंग्रजी ऐतिहासिक कादंबऱ्या आपल्यापैकीं पुष्कळांनीं वाचल्या असतील. त्यांची ठेवण ठरलेली असते. १६८५ सालच्या मॉन्मथच्या बंडांत सांपडलेला, बहुधा निरपराधी, असा एखादा तरुण १० वर्षांच्या बंधनानें बार्बाडोस बेटावर विकला जातो. बायबलांतील योसेफाप्रमाणें परक्या देशांत दास्य सोसतो, देवावरील श्रद्धा ढळूं देत नाहीं, आणि अखेरीस मुक्त होऊन प्रियेचें पाणिग्रहण करतो. यांतील बंड खरें, बार्बाडोसही खरें. परंतु त्याच जातीचें बंधन पुढें १९ व्या शतकांत आपल्या कोंकणांतील शेतकऱ्याच्या पायांत कसें पडलें, हें आज सांगावयाचें आहे.

हद्दपारी म्हटली कीं आम्हां कोल्हापूरकरांना चिमासाहेब महाराज आठवतात. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनीं त्यांना कराचीस नेऊन ठेविलें. तेथेंच १८६९ सालीं त्यांचा अंत झाला. त्यांच्या नांवाचा चौक आमच्या शहरांत आहे. राजपुत्राची हद्दपारी ही सरकारची आज्ञा होती. गिरमिट्याची हद्दपारी मात्र त्याच्याच आंगठ्यानें होई.

‘गिरमिट’ हा ‘अ‍ॅग्रीमेंट’ या शब्दाचा अपभ्रंश. सुताराच्या गिरमिटाशीं त्याचा संबंध नाहीं, आणि बेळगांवकडे चुरमुऱ्यांचें जें चविष्ट गिरमिट मिळतें त्याच्याशींही नाहीं. १८३३ च्या कायद्यानें ब्रिटिश साम्राज्यांतील गुलामगिरी संपुष्टांत येणार असें ठरलें, तेव्हां मॉरिशसच्या ऊंस-मळेवाल्यांना नवीं माणसें हवीं झालीं. २ नोव्हेंबर १८३४ रोजीं ‘अ‍ॅटलास’ जहाजानें कलकत्त्याहून ३६ मजूर तेथें उतरविले. पुढें मुंबई बंदरांतूनही मजूर जाऊं लागले. त्यांत रत्नागिरीकडील मराठी माणसें बरींच होतीं. एकंदर सुमारें ४,५०,००० हिंदुस्थानी त्या बेटावर गेले, आणि त्यांतील बहुसंख्य परतले नाहींत.

कागद बहुधा ५ वर्षांचा; मग माणूस जन्माचा कसा अडके? पगार महिना ५ रुपये व शिधा. एक दिवसाचा खाडा पडला तर दोन दिवसांचें वेतन कापीत. काम सोडून जाणें हा साधा करारभंग नव्हे, फौजदारी गुन्हा, म्हणजे तुरुंग. पुढें परतीचें मोफत भाडेंही बंद करण्यांत आलें. मुदत संपलेल्या मजुरालाही १८६७ च्या कायद्यानें छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. तो नसल्यास भटक्या म्हणून अटक. अटक टाळावयाची तर पुन्हा आंगठा उठविणें हाच सोपा मार्ग उरे. ज्या कागदावर तो उठवावयाचा तो बहुतेकांना वाचतां येत नव्हता, ही गोष्ट मास्तर या नात्यानें मला सर्वांत अधिक बोंचते.

कादंबरीला प्रीति हवी असते. ती येथें कशी फुलावी? फिजी, नाताळ इत्यादि वसाहतींकडे दर १०० पुरुषांमागें ४० स्त्रिया धाडाव्यात असा नियम होता. त्या विषम प्रमाणापायीं मळ्यांतील वस्त्यांत खून व आत्महत्या घडत. १९१३ सालीं दक्षिण आफ्रिकेंत न्यायमूर्ति सर्ल यांनीं ख्रिस्ती विधीनें न झालेला विवाह कायदेशीर नाहीं, असा निकाल दिला. हजारों स्त्रियांचें पत्नीपण एका दिवसांत वादग्रस्त झालें. याचा दोष ख्रिस्ती धर्माच्या माथीं मारणें मात्र अन्यायाचें. चार्लस अँड्र्यूज हे ख्रिस्ती धर्मोपदेशकच होते. त्यांनीं पिअर्सन यांच्यासह १९१५ मध्यें फिजीस जाऊन मजुरांची स्थिति डोळ्यांनीं पाहिली आणि जगापुढें मांडली.

त्यापूर्वी कौन्सिलांत या पद्धतीवर घाव घातला तो गोपाळ कृष्ण गोखले यांनीं. हे कागल-कोल्हापुरास शिकलेले. १९१० च्या त्यांच्या ठरावानंतर नाताळकडील भरती १९११ मध्यें थांबली. ४ मार्च १९१२ रोजीं गिरमिट समूळ बंद करावें असा ठराव त्यांनीं मांडला. २२ मतें पडलीं. ठराव फेटाळला गेला. भरती थांबली १९१७ मध्यें. तें पाहावयास गोखले राहिले नव्हते.

पोर्ट लुईसच्या ज्या धक्क्यावर हीं माणसें उतरलीं, तो आप्रवासी घाट २००६ सालीं जागतिक वारशांत गणला गेला. मराठी मजुरांचे वंशज तेथें आजही गणेशचतुर्थी साजरी करतात, कोंकणांतील जाखडी नाचतात. मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत जुन्या नोंदवह्या जपलेल्या आहेत : नांव, बापाचें नांव, जात, गांव, उंची, अंगावरील खूण. पूर्वजांचें गांव शोधणारा प्रथम त्या वह्यांकडे वळतो. पण गांवाचें नांव परक्या कारकुनानें कानावर पडलें तसें रोमन लिपींत उतरविलेलें असतें, आणि त्यावरून तें कोंकणांतलें कोणतें गांव हें ओळखण्यास इकडच्याच कोणा जाणत्याला विचारावें लागतें.