बैल मिळतो, वैरणीचं काय?

गावासाठी डिजिटल काहीतरी करायचंय, निधी द्या, असा प्रस्ताव हातात आला की मी तो मागून वाचायला घेते. पुढची पानं आता पाठ झाली आहेत. गावाचा नकाशा, टॅबलेटवर वाकलेल्या मुली आणि प्रत्येक परिच्छेदात एकदा तरी 'सक्षमीकरण'. मागच्या पानावर अंदाजपत्रक असतं आणि खरं काय ते तिथं कळतं. माझी नोकरी सहकारी बँकेच्या शेतीकर्ज विभागात झाली. निवृत्त झाल्यापासून सांगलीतल्या एका विश्वस्त संस्थेसाठी असे प्रस्ताव तपासून देते. यंत्र केवढ्याला, हे मी सर्वांत शेवटी बघते. आधी शोधते ती चौथ्या वर्षाचं इंटरनेटचं बिल कोण भरणार ही ओळ. बहुतेक वेळा ती नसतेच.

बँकेत आमच्याकडं येणारे शेतकरी कुरकुरायचे, बैलाला कर्ज देता, मग वैरणीला का नाही? त्यांना आम्ही नियम दाखवायचो. खेड्यातल्या डिजिटल प्रकल्पांना पैसे देणाऱ्यांचा नियम आजही तोच आहे.

आमच्या शेजारच्या वारणेचंच बघा. पन्हाळा तालुक्यातलं वारणानगर म्हणजे तात्यासाहेब कोरे यांनी माळरानावर उभा केलेला सहकाराचा पसारा: साखर कारखाना, दूध संघ, शाळा-कॉलेजं. १९९८ साली पंतप्रधानांच्या माहिती तंत्रज्ञान कार्यदलानं देशातला नमुना म्हणून हा परिसर निवडला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सुमारे ७० गावं संगणकानं जोडायची ठरली, काम राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडं आलं. खर्च साधारण अडीच कोटी. त्यातला निम्मा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा आणि उरलेला १० टक्के वारणा समूहाचा. गावोगावी संगणकाची केंद्रं उघडली. बाजारभाव, पीकसल्ला, दाखले, शिक्षण, सगळं तिथंच मिळणार होतं. परदेशातून माणसं बघायला यायची.

चाललं काय? ऊस.

यात हसण्यासारखं काही नाही. ज्याच्या शेतात आडसाली ऊस उभा आहे त्याला विचारा. लागणीची नोंद कारखान्याकडं कोणत्या तारखेला झाली, यावर तोडणीची पाळी ठरते. पाळी लांबली की ऊस वाळतो, वजन घटतं, रान पुढच्या पिकाला मोकळं होत नाही. तोड झाल्यावर टनेज किती भरलं, खत किती उचललं, बिलातून काय कापलं, या आकड्यांसाठी पूर्वी कारखान्यावर खेप मारावी लागायची. ते आकडे गावातल्या केंद्रावर कागदावर छापून मिळू लागले, तेव्हा माणसं तिथं आली. बाजारभावाला कुणी फारसं विचारलं नाही, कारण उसाला बाजारभाव नसतोच, कारखान्याचा दर असतो. प्रस्ताव लिहिणाऱ्यानं एवढी गोष्ट एखाद्या उसवाल्याला विचारली असती तर बरं झालं असतं.

काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळूर केंद्रातले संशोधक तिथं गेले. त्यांना दिसलं ते हेच: वापर जवळजवळ सगळा उसापुरता, संगणक जुने झालेले, दुरुस्ती महाग. त्यांनी नवे संगणक दिले नाहीत. सात गावांत त्यांनी संगणकाच्या जागी साधा मोबाईल ठेवून पाहिला. शेतकऱ्यानं एसएमएस करायचा, कारखान्यातल्या संगणकाला जोडलेला फोन तो वाचून टनेजचा किंवा खताचा आकडा उलट पाठवणार. आठेक महिने हा प्रयोग चालला. खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांनाही तो पसंत पडला.

बँकवालीच्या नजरेनं बघितलं तर वारणेतला ९० टक्के पैसा सरकारचा होता आणि तो यंत्रं आणून संपला. केंद्रं पुढं चालली ती १० टक्केवाल्यामुळं. कारखान्याला उसाच्या नोंदी कुठंतरी ठेवायच्याच होत्या, त्या गावात ठेवल्या तर त्याचाही त्रास वाचत होता. आयटीसी कंपनीचं ई-चौपाल २००० साली मध्य प्रदेशात सुरू झालं, तेही याच न्यायानं टिकलं. सोयाबीन थेट शेतकऱ्याकडून घेतलं की कंपनीचा खरेदीखर्च वाचायचा, त्या बचतीतून गावातला संगणक पोसला जायचा. त्याच वर्षी त्याच राज्यात, धार जिल्ह्यात ज्ञानदूत हे संगणक केंद्रांचं जाळं सुरू झालं. त्याला स्टॉकहोमचं बक्षीस मिळालं, कौतुक झालं, आणि मग वीज, फोनची लाईन आणि मुळात गिऱ्हाईकच नाही या तिन्हींनी मिळून केंद्रं ओस पाडली.

आता पैसा येतो कुठून, ते थोडक्यात. मोठा ओघ दूरसंचार कंपन्यांच्या महसुलावरच्या पाच टक्के आकारणीचा, म्हणजे शेवटी तुमच्या-आमच्या रिचार्जचा. त्यातून भारतनेटची केबल अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत न्यायचं २०११ साली ठरलं. केबल पुष्कळ ठिकाणी पोचलीही. पण रस्ता खोदला की ती तुटायची आणि जोडायला कोण येणार ते ठरलेलं नसायचं. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित आराखड्यात मात्र दहा वर्षांची देखभाल धरलेली आहे. रक्कम १ लाख ३९ हजार ५७९ कोटी. आकडा बघून छाती दडपते, पण माझ्या दृष्टीनं त्यातली देखभालीची ओळ सगळ्यात मोलाची.

दुसरा ओघ सीएसआरचा. ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावेत, हा नियम १ एप्रिल २०१४ पासून आहे. खेड्यातल्या प्रकल्पांना याचा मोठा आधार झाला हे खरं. पण नियमांची बांधणी बघा. बहुवर्षीय प्रकल्प फार तर तीन वर्षांचा, सुरू झालेलं वर्ष वेगळं. कंपनीनं स्वतःच्या कचेरीत या कामावर करायचा प्रशासकीय खर्च एकूण सीएसआरच्या पाच टक्क्यांच्या आत. आणि घेतलेली वस्तू कंपनीच्या नावावर ठेवता येत नाही. ती गावातल्या संस्थेच्या, बचत गटाच्या किंवा सार्वजनिक यंत्रणेच्या मालकीची होते. हेतू चांगलाच आहे. फक्त मालकीबरोबर दुरुस्तीही गावाकडं येते, हे हस्तांतराच्या कार्यक्रमात कुणी माईकवरून सांगत नाही.

ग्रामपंचायतीची गोष्ट आणखी निराळी. 'आपले सरकार' केंद्रासाठी पंचायती वित्त आयोगाच्या निधीतून दरमहा १२,३३१ रुपये भरत आल्या. केंद्र चालवणाऱ्या परिचालकाच्या हातात त्यातले बरीच वर्षं निम्म्याच्या आसपास पडले, तेही वेळेवर नाहीत, म्हणून ही मुलं पुन्हा पुन्हा आझाद मैदानात येऊन बसली. उतारा काढणारा, पीकविमा भरून देणारा, आजीचा अंगठा जुळेना म्हणून चार वेळा मशीन पुसणारा हाच माणूस. प्रकल्प म्हणजे तो. तरी अंदाजपत्रकात त्याचं नाव 'मानधन', आणि काटछाट करायची वेळ आली की पहिली कात्री तिथंच.

लोकवर्गणीचं मला कौतुक आहे. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत प्रोजेक्टर तिच्यातून आले. वीजबिल थकलं म्हणून शाळांचा पुरवठा तोडल्याच्या बातम्याही आपण वाचल्या. बिलासाठी वर्गणी मागायला कुणी घरोघर जात नाही. पाटी लागत नाही ना त्याची!

अलीकडं तासगाव भागातल्या द्राक्षबागायतदारांच्या एका गटाचा प्रस्ताव आला. बागेत हवामान केंद्र बसवायचं. पान किती तास ओलं राहिलं ते सेन्सर सांगणार, त्यावरून दावण्या रोग येणार की नाही याचा अंदाज, आणि एखादी फवारणी वाचणार. कल्पना झकास. शेवटचं पान नेहमीसारखंच कोरं. मी विचारलं, सिमचा रिचार्ज कोण मारणार, सेन्सर बिघडला तर? गटातला तरुण जरा चिडला. "मॅडम, पहिल्यांदा बसू तरी दे की!"

तो परत आला तेव्हा कागदावर हिशोब होता. एका वाचलेल्या फवारणीचं औषध आणि मजुरी एकरी किती, त्यातला चौथा हिस्सा प्रत्येकानं फळछाटणीच्या आधी गटाच्या खात्यात भरायचा. न भरणाऱ्याला अंदाजाचा मेसेज जाणार नाही. दोघांनी नकार दिल्याचंही त्यानं लिहिलं होतं. मी शिफारस केली, फक्त एका अटीवर: पहिल्या हंगामाची वर्गणी जमा झाल्याचं पासबुक आधी दाखवायचं, मग आमचा चेक.